शाळा सुटताना बघू

मुली लहान होत्या, तेव्हा परळची भाड्याची खोली सोडायचं ठरवून आम्ही खाडीपलीकडच्या नायगावला घर बघायला गेलो. बिल्डरचा माणूस फ्लॅट दाखवायला निघाला, तर बायको म्हणाली, “आधी शाळा सुटताना बघू.”

आम्ही तिथल्याच जूचंद्र गावातल्या शाळेपाशी थांबलो. शाळा सुटली आणि पोरं गप्पा मारत चालतच घरी निघाली. बायकोनं समोरच्या घरातल्या बाईंना विचारलं, “एवढ्या लहान पोरांना एकटं सोडतात?”

“एकटं कुठे? वाटेवर सगळी आपलीच घरं.”

तिथेच आमचं ठरलं. माझा ऑफिसचा प्रवास वाढला, पण मुली इथे निर्धास्त वाढल्या. परवा थोरली शेजारच्या नव्या बिऱ्हाडातल्या छोटीचं बोट धरून तिला शाळेतून घेऊन आली. गॅलरीतून बघताना माझी छाती फुगली. बायकोला म्हटलं, “गाव तूच निवडलंस.”