तापीच्या फुगवट्यातली मोजणी

संघमित्रा गावातली अंगणवाडी सेविका. सासरे तापीतल्या वांब माशाच्या गोष्टी सांगायचे, पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिने वांब कधी पाहिली नव्हती. नदीतलं काय काय गेलं, हे तिला कळायला हवं होतं. म्हणून अमळनेरच्या कॉलेजातले प्रेमराज सर मासे मोजायला गावकरी शोधत आले, तेव्हा पहिलं नाव तिनेच दिलं.

धरणाच्या फुगवट्याचं पाणी ओघळीत शिरतं तिथे दर महिन्याला सर आणि गावातले तिघं असे चौघं जाळं ओढत. संघमित्राला पोहता येत नव्हतं. ती काठावर टब घेऊन बसे, मासा पट्टीवर ठेवून लांबी सांगे आणि जिवंत परत सोडी.

मार्चातल्या त्या सकाळी चौघं कमरेइतक्या पाण्यात होते, सर सर्वांत पुढे. त्यांच्या पलीकडे मासे वर येऊ लागले. आधी बारीक, मग हातभर मरळ, सगळे पोट वर करून. संघमित्राने काठाने नजर फिरवली. झुडपातून एक काळी वायर पाण्यात उतरली होती.

 ती ओरडली, "सर, जाळं सोडा, मागे फिरा! पाण्यात करंट आहे."

तिघं मागे सरले. सर तिथेच थिजले. "पायाला मुंग्या येताहेत," एवढंच ते म्हणाले.

ती वायरीच्या मागे चढावर धावली. पाण्याच्या मोटारीच्या खोपटात शेजारचा भटू उभा होता, बाजूला मासे भरायचं पोतं. त्याची मुलगी तिच्याच अंगणवाडीत.

"बंद कर, भटू. पानीमा मानसं शेतस." तिने पाण्यातल्या माणसांकडे हात केला.

"एवढा सकायले आठे कोन येस?" इतक्या सकाळी इथे कुणी असेल हे त्याला पटेना, तो हलेना.

तिने त्याला ढकललं आणि खटका खाली ओढला. मोटारीच्या पेटीतला गुणगुण आवाज थांबला, तरी मागे वळून बघायचा धीर तिला होईना. खाली उतरून पाहिलं तेव्हा तिघांनी सरांना काठाच्या चिखलात आणून बसवलं होतं, ओठ काळेनिळे, पण श्वास चालू होता.

भटू मागोमाग आला. "अक्का, कोनले सांगजो नका."

"सांगसू," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने ग्रामपंचायतीत सगळं सांगितलं. वायर जप्त झाली, भटूविरुद्ध तक्रार गेली. त्याच्या बायकोने बोलणं टाकलं, मुलीला अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. संघमित्रा रोज हजेरी घेताना त्या नावापाशी अडखळायची.

पुढच्या मोजणीला चौघांतले दोघं आलेच नाहीत. सर जाळ्याकडे नुसते बघत राहिले. संघमित्राने टब खाली ठेवला, पदर खोचला. आधी दोन्ही काठ पाहून आली, मग जाळ्याचं टोक धरून पाण्यात उतरली.  प्रत्येक पाऊल आधी अंगठ्याने चाचपत ती पुढे गेली.