रिलीव्हर आल्याशिवाय

भिलाईत पावर हाउसच्या चौकात दुर्ग स्टेशनला जाणारा ऑटो उभा होता आणि आमच्या बुद्धविहारातल्या सात बायकांनी त्याला घेरलं होतं. मी सामाजिक संस्थांचं व्यवस्थापन शिकायला बंगळुरूला निघाले होते. ऑटोवाला हिंदीत गाडी सुटेल म्हणून कळवळत होता. "सुटू दे, दुसरी भेटन," शेजारच्या शीलाकाकूंनी त्याला दटावलं. तिकीट त्यांचं थोडंच होतं! सगळ्यांचे डोळे भरले होते. आईनं मात्र घड्याळ बघितलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सहा वाजून राहिले. मले निघा लागते, पोरं येतीन." ऑटो हलायच्या आत ती गेलीसुद्धा. त्या दिवशी मला तिचा भारी राग आला.

ती पोरं म्हणजे वैशाली नगरातल्या आमच्या विहारात रोज संध्याकाळी अभ्यासाला येणारी. आमच्यातल्या बहुतेकांचे आजोबा विदर्भातून इथं पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आले. घरी मराठी, शाळेत हिंदी, वर इंग्रजीचं ओझं. पोरांजवळ बसणारं कुणी नसायचं. म्हणून बायका बसू लागल्या. एक महिना एका घराची बारी. शीलाकाकूंना अक्षरओळख नव्हती, पण त्यांच्या महिन्यात कोणाची चुकवाचुकवी चालत नसे. "मोठ्यानं वाच, मले ऐकू दे," एवढंच म्हणायच्या. पोरगं अडखळलं की त्यांना लगेच कळायचं.

तुमच्यापैकी जे भिलाईत मागे राहिले त्यांनी विचारलंच होतं, समाजसेवा काय कॉलेजात शिकतात? बाबा तर कॉलनीभर सांगत सुटले होते, "पोरगी संस्थांची मॅनेजर होऊन राहिली." आणि जे माझ्यासारखे बाहेर शिकायला गेलात, त्या तुम्हाला पहिले महिने सांगायला नकोत. वर्गात 'स्टेकहोल्डर', 'इम्पॅक्ट', 'लीडरशिप' असे शब्द लाह्यांसारखे फुटायचे. कुणाची आई संस्थापक, कुणाचे काका ट्रस्टी. मी मागच्या बाकावर वहीत डोकं घालून बसायचे.

पहिल्याच सत्रात असाइनमेंट आली: तुम्हाला माहीत असलेल्या एका नेतृत्वावर लिहा. मी आईवर लिहिलं. एका बाईनं शून्यातून उभा केलेला अभ्यासवर्ग, तिची दूरदृष्टी, तिची जिद्द. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. मराठीत उतरवून घरी पाठवलं आणि आईच्या फोनची वाट बघत बसले.

फोन चौथ्या दिवशी आला. आईनं ते विहारात सगळ्यांसमोर वाचलं होतं.

"माहं एकटीचं नाव कावून लिवलं?" ती म्हणाली. "शीला कुठी गेली? बाकीच्या कुठी गेल्या? मले एकटीले खुर्चीवर बसवलं अन् साऱ्यायले पुसून टाकलं. वाचता वाचता लाज वाटली मले."

"मॅडमना तर आवडलं," मी म्हटलं.

"शीला तवापासून वर्गावर आली नाही. तिचा महिना चालू हाय."

मग बाबांनी फोन घेतला. प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, जन्म काढलेला माणूस, फोनवर 'हो', 'नाही'च्या पुढे जात नसे. "प्लांटमधी पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडता येत नाही," ते म्हणाले. "शिफ्ट संपली तरी थांबा लागते. भट्टी कोन्या एकाची नसते, बाई. या बायकायनं वर्ग तसाच लावला. तुले येवढं नाही दिसलं?"

नाही दिसलं. जिथं वाढले तेच दिसलं नाही. मी रडले, मग स्वतःवर चिडले, मग शीलाकाकूंना फोन लावला. "काकू, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "चुकलं त चुकलं. मी उद्या जातो वर्गावर. पर मे महिन्यात तुले सुट्टी हाय ना? मे तुहा. लिवून घे."

मी मॅडमकडे परवानगी मागून सगळं नव्यानं लिहिलं, यावेळी सातही जणींच्या नावांनी, आणि स्वतः उभी राहून वाचलं. मोठ्या संस्थेतून आलेल्या एकानं विचारलं, संस्थापक गेल्यावर काय? त्या अभ्यासक्रमातला हा सगळ्यात अवघड प्रश्न. त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत. मी म्हटलं, "आमच्याकडे रिलीव्हर येतो," आणि भिलाईची शिफ्ट समजावून सांगितली. मॅडमनी तो शब्द फळ्यावर लिहिला. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू! त्या दिवसापासून मी पुढच्या बाकावर बसू लागले.

मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी माझी गाडी पाच तास उशिरा पोचली. घरी न जाता मी थेट विहार गाठला. साडेसात वाजून गेले होते. काकूंचा महिना कालच संपला होता, तरी त्या सतरंजीवर बसून एका पोरीचा धडा ऐकत होत्या. मला पाहून गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आली बाप्पा एकदाची," म्हणाल्या आणि चपला घालून घरी निघाल्या. मी सतरंजीवर बसले. अजून उबदार होती.

आता नोकरीमुळे गावं बदलत राहतात आणि तुझं घर कुठलं, असं लोक विचारतात. मी भिलाई सांगते. तिथं माझी जागा कुणी रिकामी ठेवत नाही. मी पोचेपर्यंत तिच्यावर कुणीतरी बसून असतं.