हिर्डोशीत कुसुमताईंनी मलाही विचारलं

"हिर्डोशीच्या बायकांनी सभा ठेवलीय. आमच्या अभ्यासाचं पुढं काय करायचं ते त्या ठरवणार. येतेस?" अंजलीचा फोन आला आणि मी हो म्हटलं. अंजली माझी कॉलेजची मैत्रीण, आरोग्याच्या प्रश्नांवर संशोधन करते. मी एरवी घाट-किल्ल्यांवर लिहिते. सभेला जाण्यासाठी सॅक भरली ती पहिल्यांदाच.

स्वारगेटहून भोरला एसटी भरपूर आहेत. पुढं हिर्डोशीसाठी मात्र भोर स्टँडवर चौकशी करूनच निघा. गाड्या कमी आणि चुकली तर पायपीट ठरलेली. भोर सोडलं की रस्ता वरंध घाटाकडं वळतो, धरणाचं पाणी सोबतीला येतं. भाताची कापणी उरकली होती. उघड्या खाचरांत गुरं चरत होती.

वाटेत अंजलीनं अभ्यासाची गोष्ट सांगितली. तिची मंडळी आली होती बायकांचं रक्त तपासायला. बायका म्हणाल्या, "तपासा की. पन आमचं दुखनं निराळंच हाय." बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर भारे, चिखलात लावणी; त्यातून अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येणं, खोकलं-शिंकलं की लघवी सुटणं. मग अभ्यासाचा विषयच बदलला. काय विचारायचं, कोणत्या शब्दांत, कुणी, हे गावातल्या बायकांनी अंजलीच्या मंडळींसोबत बसून ठरवलं आणि घरोघर त्याच फिरल्या.

त्यांतल्या एक कुसुमताई. आम्ही त्यांच्याकडंच उतरलो. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि ठेचा असं जेवण झाल्यावर त्या सभेचं सांगायला निघाल्या, मीही मागं गेले. एका अंगणात पार्वतीबाई नाचणी पाखडत होत्या.

"आत्या, रिंग बसवल्यापासनं कसं हाय?"

"अंग भाईर येत न्हाई. आता मांडी घालून जेवती बघ."

कुसुमताई हसल्या आणि माझ्याकडं वळल्या. "आन् तुमचं कसं, ताई?"

मी पाहुणी आहे, असं म्हणणार होते. पण दोघी इतक्या सहज थांबल्या होत्या की मी खरं सांगून टाकलं. दुसऱ्या बाळंतपणापासून मलाही खोकताना लघवी सुटते. त्या भीतीनं मी प्रवासात पाणी पीत नाही. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, अंजलीलाही नाही.

"म्हंजी सकाळपासनं पानी न्हाई पोटात?" पार्वतीबाई उठल्या, तांब्या भरून आणला. "पी लेकी. घरामागं संडास हाय, कडी नीट लागती."

मी घटाघटा प्यायले. डोळेही भरून आले, ते त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

सभा दुपारी देवळाच्या मंडपात भरली. पुरुषही आले होते. वेल्ह्याकडच्या मार्गासनीहून दोघीजणी टेम्पोनं आल्या होत्या, ऐकायला. अंजलीनं सुचवलं की भोरला तपासणी शिबिर घेऊ.

कुसुमताई उभ्या राहिल्या. "भोरला जायचं म्हंजी आख्खा दिस मोडतो. डॉक्टरीणबाईंनी हितं यायला पायजे. आन् बाळंतिणीनं भारा उचलायचा न्हाई, ह्ये घरातल्या गड्यांनी ऐकायला पायजे. म्हनून त्यांना बोलावलंय."

"असलं देवळात बोलायचं व्हय?" एक वयस्कर गृहस्थ म्हणाले.

अंजलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. इथं उत्तर गावानंच द्यायचं, हे तिला कळलं असावं. तेवढ्यात खांबाशी बसलेले पार्वतीबाईंचे यजमान बोलले. "बोलू द्या. माझ्या शेजारी बसून हिनं इतकी वर्सं सोसलं. मला ठावं नव्हतं."

कुणीही उठून गेलं नाही. आक्षेप घेणारे गृहस्थही शेवटपर्यंत बसले. शिबिर रद्द झालं. डॉक्टरीणबाई गावात येतील असं ठरलं आणि त्यांची सोय अंजलीनं पत्करली. मार्गासनीच्या बाईंनी विचारलं, "आमच्याकडं कवा येता?"

"तुमाला काय इचारायचंय त्ये आदी तुमी ठरवा," कुसुमताई म्हणाल्या. "मंग आमी येतो."

परतताना दुसऱ्या दिवशी भोरहून आंबवड्याला वाकडी वाट केली. तिथल्या झुलत्या पुलावरून चालताना अंजलीला माझं सगळं सांगितलं. ती रागावली नाही, नुसता हात धरून चालत राहिली.

आता घरी आहे. डॉक्टरांकडं जाऊन आले. व्यायाम सुरू आहेत, फरक पडतोय. त्या अंगणातल्या माणसांचे आभार कसे मानायचे ते कळत नाही.

हा लेख टाकण्याआधी कुसुमताईंना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला. "गावाचं नाव ऱ्हाऊ द्या. आत्याबी व्हय म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "पन एक वाक्य काडा. आमी लाजून गप ऱ्हायलो असं लिवलंय तुमी. आमी लाजत नव्हतो, ताई. आमाला कुनी इचारलंच नव्हतं."

ते वाक्य मी काढलं आहे.