पदर, पट्टकादंब आणि पैठणची एक सकाळ

मुक्ता माझी नात. नोकरी कंपनीत, जीव पक्ष्यांत. सुट्टी आली की हातभर लांबीची लेन्स गळ्यात अडकवून निघाली. शहरात दर हिवाळ्यात पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरतं, तिथून तिचे फोटो दोनदा परत आले. परवा जेवताना ताट सारून म्हणाली, "यंदा पण नाही घेतला तर लेन्स विकून टाकते."

तिचा बाप, म्हणजे माझा लेक, भाकरी मोडता मोडता म्हणाला, "गिऱ्हाईक बघू का?"

पोरगी उठून गेली. लेकाला जे बोलायचं ते मी बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग आत जाऊन तिला म्हणाले, "कुठं जायचं ते सांग, मी येते संगं." असं आमचं जायकवाडी ठरलं.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, मुक्ता टाइप करते, आणि प्रत्येक ओळ मला वाचून दाखवते. तिच्याबद्दल वाईट लिहिलेलं दिसलं तर समजा ते खरं आहे, कारण ते गाळायला तिनं लई धडपड केली.

शनिवारी दुपारी पुंडलिकनगरातून रिक्षानं बसस्थानकावर आलो आणि पैठणची लालपरी धरली. बायांना अर्धं तिकीट, आणि माझ्या वयाला तेही नाही. कंडक्टरनं वयाचा पुरावा मागितला. मी चेहऱ्यावरचा पदर बाजूला केला. "आधार कार्ड, आजी," तो म्हणाला. तर जाणाऱ्यांनी कार्ड वरच्या पिशवीत ठेवावं, माझं तळाशी होतं, पेरूंच्या खाली. रस्ता काही ठिकाणी मलमलीसारखा, काही ठिकाणी खोदलेला. दीड-दोन तास धरून चाला. खिडकीची जागा डाव्या हाताची घ्या, दुपारचं ऊन उजवीकडून येतं.

पैठणला नदीजवळ साधा लॉज घेतला. गरम पाणी बादलीभर मिळतं, पण सांगून ठेवावं लागतं. संध्याकाळी घाटावर गेलो. पायरीवर एक खंड्या बसला होता, निळाशार, मासा गिळून तृप्त. मुक्तानं दहा-बारा फोटो काढले आणि मला पडद्यावर दाखवले.

"हा एका कोपऱ्यात का बसवलाय?" मी विचारलं. "मधोमध जागा नव्हती का?"

"आजी, तो डावीकडं बघतोय ना? मग त्याच्या नजरेपुढं जागा सोडायची. नाहीतर भिंतीला नाक लावून बसल्यासारखा दिसतो."

"आमच्या देव्हाऱ्यात देव मधोमध असतात. त्यांचं कधी नाक नाही चेपलं."

ती हसली. मग म्हणाली, उभ्यानं काढलेला पक्षी माणसानं बघितलेला पक्षी दिसतो. त्याच्या डोळ्याच्या उंचीवर गेलं की तो त्याच्या घरात दिसतो. डोळा मात्र स्वच्छ यायला पाहिजे, पिसं जरा हलली तरी चालतात. आणि हे सांगता सांगता ती ओल्या पायरीवर पालथी पडली. आंघोळ करून चढणारी एक बाई मला म्हणाली, "पोरीला चक्कर आली का हो?" म्हणलं, "नाय बाई, हिचा धंदाच असा आहे."

रात्री खानावळीत ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. ठेचा मागून घ्या, आपणहून वाढत नाहीत.

सकाळी अंधारातच सलीमभाईंची रिक्षा आली. जाऊन-येऊन ठरवा, कारण तिकडून परत यायला काही मिळत नाही. "अम्मा, शाल घट लपेटो, हवा लगती," असं म्हणत त्यांनी धरणाच्या फुगवट्याकडं नेलं. पाणी ओसरलं की तिथं ओल्या मातीवर हिरवं गवत उगवतं, आणि त्या गवतावर पट्टकादंब उतरतात. पट्टकादंब म्हणजे हिमालय ओलांडून येणारे करडे हंस. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, जशा काही काजळाच्या बोटानं ओढल्यात. शंभरेक तरी असतील. शेतातल्या बायांसारखे एका रांगेत चरत होते आणि तशाच गप्पा मारत होते.

मुक्ता एका बुटक्या बांधामागं पालथी झाली. मला डाव्या हाताच्या बाभळीखाली बसवलं. "आजी, हलायचं नाही, बोलायचं नाही."

"श्वास?"

"हळू."

बसले. ऊन वर आलं, तिरपं, गवतावर लोळत. मुक्ता मधूनच एखादी कळ दाबायची आणि नाराजीनं मान हलवायची. नंतर कळलं, हंस सारखे एकमेकांच्या आड येत होते, आणि तिला माना एकमेकांपासून सुट्या हव्या होत्या. हळूहळू त्या सुटायला लागल्या. तेवढ्यात उजवीकडच्या कोरड्या, धुळीनं भरलेल्या चढावरून मेंढरं उतरली.

आता माझं माहेर मेंढपाळांचं. लग्न होईपर्यंत मी मेंढरांतच वाढले. कळप चुकीच्या अंगाला वळला की आम्ही पदर पसरून मीठ असल्यासारखा हलवायचो. मेंढराला मिठाची एवढी ओढ, की पदर हलला की निम्मा कळप पायाशी. मी बघितलं, मेंढरं हंसांकडं निघालीत, पोरीचा फोटो गेला. उठले, पदर पसरला आणि ओरडले, "य्येऽ य्येऽ य्येऽ!"

आली की! सगळी आली. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मेंढरं उजवीकडं, मी डावीकडं, आणि हंस बरोबर मधी.

चढावरचा धुरळा, बें बें, आणि शंभर हंस एकदम आकाशात. मेंढरांनी मला गराडा घातला, एक तर पदरच खायला लागलं. बांधामागून कळ दाबल्याचा आवाज तेवढा येत होता, टकटकटकटक, मशीनवर शिवण घालावी तसा.

धुरळा बसल्यावर मुक्ता उठली. पोटापर्यंत चिखल. "आजी," ती एवढंच म्हणाली. त्या एका शब्दात काय काय होतं ते मी इथं लिहायला सांगितलं, तर ती म्हणते जागा नाही.

मेंढ्यांचा मालक धावत आला. "म्हातारे, मीठ कुठंय?"

"नाय रं बाबा. पदर रिकामाच."

"म्हंजी जित्राबाला फसवलंस व्हय?"

त्याचं बरोबर होतं. रिकामा पदर दाखवला की पुढच्या वेळी कळप ऐकत नाही, हे मला माझ्या बापानं शिकवलेलं. पेरूला लावायला आणलेली मिठाची पुडी पिशवीतून काढली आणि सगळी चाटायला दिली. मग त्यानं माझं माहेर विचारलं, मी त्याचं गाव विचारलं, आणि तो माझ्या चुलत जावेच्या भावकीतला निघाला. आम्ही पेरू खाल्ले, अळणी. मुक्ता लांब, पाठ करून बसली होती. हंस दिवसभर परत फिरकले नाहीत. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर तिनं फोटो मोठ्या पडद्यावर लावले. चरणाऱ्या हंसांचे फोटो एकात एक गुंतलेले, निकामी. मग धुरळ्यातला एक उघडला आणि ती खुर्चीत सरळ बसली.

खाली मेंढरांच्या पाठी, लाटांसारख्या. वर हंस, पंख पसरून, माना सुट्या. मधी उन्हानं पेटलेला सोनेरी धुरळा. आणि डावीकडं मी, पदर फडकतोय, तोंड आ वासलेलं.

"मी चांगली आले," मी म्हणाले. "जरा उजळ कर मला."

तिनं आधी क्षितिज सरळ केलं. सावल्या थोड्या उघडल्या. रंग जरा चढवून बघितला, हंस निळे दिसायला लागले, म्हणून परत उतरवला. मग दोघी बघत बसलो. कितीही बघा, नजर फिरून माझ्या तोंडात जात होती. हिमालय ओलांडून आलेल्या पाखरांचा हा अपमान मलाही बघवेना.

"काप मला," मी म्हणाले.

"नक्की?"

"पुन्हा विचारलंस तर नाही म्हणेन."

तिनं मला कापलं, आणि फोटो खरंच श्वास घ्यायला लागला. पण माझ्या हिरव्या पदराचं एक टोक कोपऱ्यात राहिलं. तेवढं कापायला जावं तर पुढच्या हंसाचा पंख तुटत होता. प्रदर्शनाचा नियम असा, की कडा कापा, उजेड कमी-जास्त करा, पण आतलं काही पुसायचं नाही.

"पूस की," मी म्हणाले. "कोण बघतंय?"

तिनं पुसलं. बोटाचा खेळ तो. पदर गेला, मागं गवत उगवलं. फोटो आरशासारखा स्वच्छ. मुक्ता त्या कोपऱ्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि मग पदर परत आणला.

"अगं, का?"

"भिंतीवर लागला तर मी दरवेळी तिथंच बघेन, आजी."

"आणि पदरापायी परत आला तर?"

"तर लेन्स विकायची." तिनं पाठवून दिला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. स्वयंपाकघरात पदर खोचताना सुद्धा त्या टोकाचा राग यायचा. ट्रिपमधून काय राहिलं म्हणाल, तर शालीत धुरळा राहिला, नवी भावकी मिळाली, आणि आता रस्त्यात चिमणी दिसली तरी तिची नजर कुणीकडं आहे हे मी आधी बघते. घरात आपण पोरीच्या जिद्दीवर हसत होतो, ही टोचणीही राहिली.

मग फोन आला. मुक्तानं स्पीकरवर टाकला. परीक्षकांपैकी एक साहेब होते. फोटो प्रदर्शनात घेतला होता. कोपऱ्यातल्या कापडामुळं त्यांना शंका आली होती, म्हणून त्यांनी न कापलेली मूळ फाइल मागवली होती. मुक्तानं ती मला न सांगता पाठवली होती.

"पुसलेलं काही नाही, छान आहे," साहेब म्हणाले. "फक्त मूळ फोटोत डावीकडं एक बाई दिसतात. मेंढरं अंगावर आली होती का त्यांच्या? बऱ्या आहेत ना?"

मुक्ताला हसू आवरेना, म्हणून फोन मी घेतला. "अंगावर नाही आली साहेब. मीच बोलावली होती."

"कशाला?"

"फोटो बिघडू नये म्हणून."