तटावरून दिसलेलं आंगण

गुडघ्याला निलगिरीचं तेल चोळलं की मला नरनाळा किल्ला आठवतो. त्याच्या पायथ्याशी आईचं माहेर. पण तिच्या लहानपणी पोरींना वर कोण नेणार? लग्न होऊन रायपूरला आलेली आई एका सुटीत दुखऱ्या गुडघ्यांना हेच तेल चोळून, मला घेऊन गड चढली. दरवाजात गार दगड, वटवाघळांचा उग्र वास. आत नुसतं गवत, पडक्या भिंती. मी हिरमुसले.

"आई, महल कहाँ है? चलो ना वापस."

"काहून? मी तं तटावर गेल्याशिवाय नाही थांबत."

ती तटावर गेली. खाली, दूर, माहेरची कौलं.

"तिथून रोज किल्ला पाहत होती मी. आज इथून आमचं आंगण पाहून राहिली."

डॉक्टर आता मला म्हणतात, चढणं टाळा. टाळीन, पण आधी लेकीला घेऊन नरनाळा चढून येते.