लाल रेघेच्या वर चार सेकंद

वैमानिक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा चष्मा आणि रुबाब उभा राहतो. थंडोबाकडे चष्मा होता, पण जवळचं वाचायचा. वय अठ्ठावन्न, कंबर कायमची धरलेली, आणि पंधरा वर्षं एकाच साहेबांचं एका इंजिनाचं छोटं टर्बोप्रॉप विमान चालवायचं. चालवायचं म्हणजे काय, मुख्यतः वाट बघायची. साहेब मीटिंग दोन तासांची म्हणाले की पाच तास धरायचे, आणि तोवर कुठल्यातरी धावपट्टीच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत पेंगत बसायचं.

थंडोबा हे नाव पाडलं मेकॅनिकने, आणि ते असं चिकटलं की खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. कारण एकच. हा माणूस इंजिन बंद करण्याआधी दोन मिनिटं ते मंद चालू ठेवायचा, आतली धग बसू द्यायचा. दार उघडायला टपलेले साहेब पाय आपटत बसायचे. चढताना तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला की लगेच जोर कमी. "अहो, दामटा की जरा," मागून साहेब. "दामटतोय," म्हणायचा आणि हात हलवायचा नाही. बायको तर सगळ्यांना सांगायची, "लग्नाला हो म्हणायला आठ महिने लावले यांनी. मी काय इंजिन होते का?"

सुरू करतानाची गोष्ट आणखी नाजूक. आधी बॅटरीच्या जोरावर इंजिन गरागरा फिरवायचं, पुरेशी हवा आत गेली की मगच इंधन सोडायचं. बॅटरी अशक्त असेल तर फिरणं मंद, हवा कमी, आणि इंधन पेटलं की आतली पाती भाजून निघतात. म्हणून त्याचा नियम होता: तेवीस व्होल्टच्या खाली काटा असेल तर बाहेरून वीज देणारी गाडी आल्याशिवाय बटणाला हात नाही. विमानं चालवायला लागल्यापासून एकोणतीस वर्षांत हा नियम त्याने एकदाही मोडला नव्हता.

त्या दुपारी मोडला. डोंगरापलीकडच्या एका आडबाजूच्या धावपट्टीवर उन्हात उभं विमान, आणि साहेब आत बसून लॅपटॉप लावून, पंखा लावून काम करत होते. सगळं बॅटरीवर. थंडोबाने एकदा सांगितलं, "साहेब, बॅटरी उतरेल." साहेब म्हणाले, "पाच मिनिटं." दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. पण रोज रोज त्याच माणसाशी तोच वाद घालून जीव विटला होता त्याचा. जाऊ दे, म्हणाला, आणि सावलीत जाऊन बसला. चूक झाली ती इथेच. बाकीचं नंतर आपोआप होत गेलं.

तासाभराने साहेब धावत बाहेर आले. चेहरा पांढराफटक. आईला दवाखान्यात नेलं होतं, डॉक्टर म्हणत होते ताबडतोब या. विमानाने पन्नास मिनिटं, रस्त्याने सात तास.

बॅटरीचा काटा बावीसवर. वीज देणारी गाडी दुरुस्तीला गेलेली. थंडोबाने साहेबांकडे पाहिलं. पंधरा वर्षांत तो माणूस कधी कुणापुढे नमला नव्हता, आणि आता म्हणत होता, "कॅप्टन, पाया पडतो तुमच्या."

थंडोबाने बटण दाबलं. इंजिन कण्हत फिरलं. हवं त्याहून थोडं कमीच फिरत होतं, आणि त्याने इंधन सोडलं. तापमान सुसाट चढलं. आठशे, नऊशे, हजार, लाल रेघ. इंधन तोडायचं! हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण हात लिव्हरवर नुसता राहिला. एक, दोन, तीन, चार. मग काटा आपोआप खाली आला आणि इंजिन लागलं, अगदी झकास, जणू काही घडलंच नाही.

"चला, चला!" साहेब ओरडले.

थंडोबाने इंजिन बंद केलं.

"अहो, चालू झालं होतं ना!"

"तापमान मर्यादेपलीकडे गेलं होतं, साहेब. चूक माझी. आत पातं भाजलं असेल तर डोंगरावर तुटेल, आणि आपल्याकडे दुसरं इंजिन नाही."

"असेल तर! म्हणजे नक्की माहीत नाही तुम्हाला?"

"नाही."

साहेबांनी त्याला नको नको ते ऐकवलं. मग एक भाड्याची गाडी धरून निघून गेले. ते वाटेत असतानाच आई गेली. अजून दोन तास बाकी होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, बारीक नळीचा कॅमेरा इंजिनात घालून एकेक पातं बघत बसला. थंडोबा शेजारी उकिडवा. कधी नव्हे तो मनातल्या मनात विनवत होता, भाजलेलं निघू दे, एक तरी निघू दे. तीन तासांनी मेकॅनिकने नळी बाहेर काढली. "धड आहेत रे सगळी. डागसुद्धा नाही."

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. आवाज बसलेला. "काय निघालं?"

मेकॅनिक समोर दोन्ही हातांनी खुणा करत होता: जळलं म्हण, जळलं म्हण!

थंडोबा म्हणाला, "काही नाही निघालं, साहेब. पाती धड आहेत. गेलो असतो तर पोचलो असतो."

मग साहेब हळू म्हणाले, "खोटं सांगितलं असतंत तरी चाललं असतं हो मला." आणि पुढे, "परवा सकाळी सातला निघायचंय. अस्थी घेऊन."

फोन ठेवला. मेकॅनिकने विचारलं, "काढलं का रे तुला?"

"नाही," थंडोबा म्हणाला. "काढलं असतं तर बरं झालं असतं."