ब्लॉगचा राखणदार

माझ्या ब्लॉगचे नियमित वाचक चार होते. तिघं आमच्याच घरात जेवत आणि चौथा मी.

ही आतली गोष्ट लांज्याच्या माझ्या सासऱ्यांना ठाऊक नव्हती. काजूचा कारखाना चालवणाऱ्या त्या भल्या गृहस्थांना मी लग्नापासून सांगत आलो होतो, की तुमचा जावई इंटरनेटवर लिहितो आणि पार अमेरिकेपर्यंत वाचला जातो. (अमेरिकेत माझा एक मावसभाऊ होता. वाचत नसे, पण होता!) त्यांनी ते कारखान्यात, एसटी स्टँडवर आणि झाडून सगळ्या सोयरिकीत सांगितलं. मग एके दिवशी निरोप आला: रविवारी मित्रमंडळींना घेऊन गणपतीपुळ्याला जातोय, परतताना रत्नागिरीत जावईबापूंचा ब्लॉग बघायला येतो.

पाहुणे यायचे म्हटलं की घर झाडूनपुसून लख्ख करायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या बायकोने, सुमनने, पडदे बदलले. मी ब्लॉगचं सॉफ्टवेअर बदललं. नवी आवृत्ती आलीय, एक बटण दाबा, असं ते बरेच दिवस विनवत होतं. रविवारी सकाळी आंघोळ करून दाबलं.

ब्लॉग पांढरा झाला. नुकताच चुना मारलेल्या भिंतीसारखा! लेख नाहीत, फोटो नाहीत, काय चुकलं ते सांगणारी एक ओळ नाही.

मदतीच्या फोरमवर कुणा सज्जनाचा उपाय सापडला. ब्लॉगला बाहेरून जोडलेले जे तुकडे असतात, ती प्लगिन्स, ती सगळी बंद करा. मग एकेक चालू करत जा. ज्याच्यापाशी ब्लॉग पुन्हा झोपेल, तो गुन्हेगार. उपाय शास्त्रीय होता. फक्त त्या सज्जनाचं एकत्र कुटुंब नसावं.

कारण आमच्याकडे प्रत्येक प्लगिनला एक नातेवाईक होता. वाचकसंख्येचा आकडा अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. तो बरा दिसेपर्यंत ते रोज सकाळी पान पुन्हा पुन्हा उघडत. पाककृती छापायचं बटण सुमनचं. आणि पानावर भुरभुरणारा बर्फ आत्याचा. तिला बर्फाची हौस, त्यामुळे माझ्या हापूसवरच्या लेखावरही बारमाही हिमवर्षाव होई.

मी सगळंच बंद केल्यावर घरात सुतक पडलं. आकड्याशिवाय ब्लॉग म्हणजे देवाशिवाय देव्हारा, असं अण्णा म्हणाले. त्यांचा संशय बर्फावर होता. आत्याचा सुमनच्या बटणावर. सुमनने मात्र नुसतं माझ्याकडे बघितलं.

"मेल्या, नवं काम काढलंस, राखणदाराला विचारलंस काय?" आत्या म्हणाली.

जागेचा राखणदार दुखावला की काम अडतं, हे आत्याचं निदान विहिरीपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्याला लागू असे. तिने लगेच मॉनिटरपुढे नारळ ठेवून हात जोडले. (मीही जोडले. फोरमवर हा उपाय नव्हता, पण तिकडच्या लोकांना किती माहिती असणार?)

मग तपासणी सुरू झाली. बर्फ चालू केला, ब्लॉग जिवंत. छपाईचं बटण, जिवंत. अण्णांचा आकडा, जिवंत.

"आता तुमचं," सुमन म्हणाली.

"माझं असणं शक्यच नाही."

माझं प्लगिन म्हणजे लेखांवरचा पहारा. कुणी माझं वाक्य उचलायला गेला, की लाल अक्षरांत दम द्यायचं. चालू केलं आणि ब्लॉग पुन्हा पांढराफटक! पहारेकऱ्याने नवी आवृत्ती पाहून मालकालाच दरवाजाबाहेर काढलं होतं.

"बघ," आत्या शांतपणे म्हणाली, "राखणदारच कोपला होता."

तेवढ्यात फाटकाशी सासऱ्यांची जीप थांबली. एका बाजूला जावयाची अब्रू, दुसऱ्या बाजूला उघड्यावर पडलेलं माझं साहित्य! काळजावर दगड ठेवून मी पहारा कायमचा उठवला.

मंडळी आली. बर्फ सगळ्यांना फार आवडला. एकाने तर हे काश्मीर का म्हणून विचारलं. सासऱ्यांनी चष्मा पुसून 'आरे-वारेचा सूर्यास्त: एक चिंतन' वाचायला घेतलं. माझ्याच्याने राहवलं नाही. पहारा नाही, आता हे कुणीही चोरून आपल्या नावावर खपवेल, अशी भीती मी बोलून दाखवली.

त्यांनी आणखी एक परिच्छेद वाचला. सावकाश चष्मा काढला.

"जावईबापू, निर्धास्त राहा," ते म्हणाले. "नाही नेणार कोणी."

सासऱ्यांचा शब्द खरा ठरला. इतकी वर्षं लेख उघड्यावर पडलेत, कुणी त्यातला स्वल्पविरामसुद्धा नेला नाही. मॉनिटरपुढचा नारळ मात्र मंडळी उठून जाताच गायब होता.